बोर्डावरचं तिसरं बटण

सतरा नंबरचा पाना. तोंडाशी झिजून तेवढाच चकचकीत झालेला, बाकी सगळा काळा... एखाद्याचं नुसतं कपाळच तेलकट असावं तसा.

शर्टाच्या गुंड्या काढून तिथे टिचबटणं बसवायला शर्टामागे पाऊण तास लागतो. शर्ट सहा.

भिंतीवर रंगवलेली पाटी: यंत्र चालवताना हातमोजे घालू नयेत. तिच्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं: आणि थंडीत?

"असू दे." तो दिवसात किती वेळा म्हणतो ते एका रविवारी तिनं मोजलं होतं. सकाळपासून झोपेपर्यंत अकरा.

भुसा नाकात जातो, कानात जातो, उशीवर उतरतो. सुतारकाम करणारं माणूस रोज थोडंथोडं कपाट घरी नेत असतं.

पाना तिच्या उजव्या हातात होता, ट्रिमर, दारांच्या कडा तासायचं यंत्र, डाव्या हातात, आणि तो बोलत होता — तिचा नवरा, ज्याला आता सगळे मास्तर म्हणतात. पूर्वी मिस्त्री म्हणत, आणि मिस्त्री म्हणताना आवाज जरा खाली आणत, मास्तर म्हणताना तसा आणत नाहीत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कारखान्यात शिकायला नवी तुकडी येते. आधी तो हात दाखवतो, मग ती यंत्र दाखवते. असं ठरवलं कुणी? कुणीच नाही. त्याला यंत्र धरता येत नव्हतं आणि तिला बोलता येत नव्हतं, म्हणजे चारचौघांत, म्हणून दोघांचा मिळून एक शिकवणारा झाला.

"दिसायला बघा कसा गरीब," तो म्हणाला. "दुधाच्या बाटलीएवढा. एका हातात मावतो, म्हणून लोक एका हातात धरतात. मिनिटाला तीस हजार फेरे मारतो हा. तुमचं डोकं आयुष्यभरात तेवढं फिरलं नसेल."

हसले. दर वेळी ह्याच जागी हसतात. मग तो उजवा हात वर करतो — अंगठा आहे, त्याच्यावर शिवणीची पांढरी रेघ. तर्जनी नाही, मधलं नाही, म्हणजे मुळाशी थोडं थोडं आहे, दोन बुटकी पोरं उंच माणसांच्या रांगेत उभी केल्यासारखं — आणि हसणं थांबतं. त्याला ते थांबणं आवडतं असं तिला वाटतं. दर वेळी तो हात अर्धा क्षण जास्तच वर ठेवतो.

"चूक माझीच," तो म्हणतो.

आणि तिच्याकडे बघत नाही. तिच्याकडे न बघण्याची त्याची एक ठरलेली पद्धत आहे, खिडकीच्या वरच्या काचेकडे बघायचं. त्या काचेचा एक कोपरा फुटलेला आहे. चार वर्षं तिला न बघता तो फुटका कोपरा बघतोय.

"पहिलं काय? पहिलं पिन. बोर्डाचं बटण नाही, ट्रिमरचं बटण नाही. पिन भोकातून बाहेर आणि टेबलावर, आपल्या डोळ्यांसमोर. मगच बिटाला, ह्या फिरणाऱ्या पात्याला, हात. दाखव."

तिनं पिन काढून टेबलावर ठेवली. पितळेची तीन टोकं वर करून ती पडून राहिली. नऊ जण वाकून बघू लागले, पिन कधी बघितलीच नव्हती असे.

पूर्वी इथे असं नव्हतं. ट्रिमरच्या अंगावर एक सरकतं बटण असतं, ते भुशानं जाम होतं. म्हणून ते एकदाच चालूवर सरकवून ठेवायचं, आणि मग सुरू-बंद जे काय ते भिंतीवरच्या बोर्डावरून. ही रीत त्यानंच आणली होती. मिस्त्रीची रीत. सगळे तसंच करायचे, तिलाही त्यानंच तसं शिकवलं, काम नवीन असताना, तिच्या मागे उभा राहून. बोटांचं काम वाचतं, असं म्हणायचा. खरंच असंच म्हणायचा... ही गोष्ट ती कुणाला सांगू शकत नाही, कारण ऐकणाऱ्याला हसू येईल आणि मग हसल्याबद्दल तो माणूस तिलाच वाईट ठरवेल.

"बिटाची दांडी आत किती? निम्मी? नाही. पाऊण तरी. आणि तळाला टेकवायची नाही. टेकवली की काढा इतकी, तांदळाच्या दाण्याएवढी, बाहेर. टेकलेली दांडी घट्ट झाली असं वाटतं, झालेली नसते. तापली की सुटते. दाखव."

दाखव. चालू कर. थांब. हे तीन शब्द आणि त्यांच्या मधे ती. तिनं दांडी आत सोडली, टेकवली, दाण्याएवढी मागे घेतली, नट आधी बोटांनी आणि मग पान्यानं आवळला. आवळताना पान्याचं तोंड कुठे आणि बोटं कुठे हे तिला बघावं लागत नाही. तिचे हात आता त्याच्या पूर्वीच्या हातांपेक्षा चांगले आहेत. हेही कुणाला सांगता येत नाही. त्याची बोटं गेली नसती तर सुपरवायझरनं तिला पॉलिशपेपर घासायच्या कामावरून कधी उठवलंच नसतं. चांगलं काम करते, म्हणतात सगळे, वहिनीच्या हाताला सफाई आहे. कुठून आली सफाई — जागा रिकामी झाली तिथून आली.

चार वर्षांपूर्वी, त्या दिवशी, ती चहाची वेळ होती. सगळे बाहेर. कपाटाचं एक दार बाकावर आडवं, लॅमिनेट चिकटवलेलं, आणि त्याची लांब कड तिनं मारली होती, ट्रिमरनं, एकटीनं, पहिल्यांदाच. सुपरवायझर जाताजाता कडेवरून नख फिरवून म्हणाला होता, छान झालीय. आणि तो गेल्यावर नवऱ्यानं तीच कड अंगठ्यानं चाचपली, तोंडातून शब्द काढला नाही, बोर्ड बंद केला आणि बिट बदलायला घेतलं. म्हणजे पुन्हा मारणार. म्हणजे नाही झाली छान. नुसतं "इथे जरा उंच राहिलीय" एवढं म्हणाला असता तरी तिनं ऐकलं असतं. पण तो असल्या गोष्टी बोलून दाखवायचा नाही, करूनच दाखवायचा. तिनं पाठ फिरवली. उकडत होतं. दाराशी बोर्ड, बोर्डावर चार काळी बटणं, कुठल्यावर काही लिहिलेलं नाही, लिहायची गरजच नव्हती, सगळ्यांना पाठ: दुसरं पंख्याचं, तिसरं बाकाच्या प्लगचं. तिनं न बघता तळहातानं दाबलं, जोरात, पंख्यावर राग काढावा तसं...

मी दाबलं.

तिसरं दाबलं. पंखा फिरला नाही. दुसरंच काहीतरी फिरलं. आणि मी वळण्याआधी ते बटण परत बंद केलं — म्हणजे वळायच्या आधी मला कळलं होतं. ह्या एवढ्याशा वेळेचं काय करायचं हे मला चार वर्षांत समजलेलं नाही. लोक धावत आले तेव्हा बोर्ड बंद होता. सुपरवायझरनं कागदावर लिहिलं: कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. नवऱ्यानं डाव्या हातानं सही केली, पहिलीतल्या पोरासारखी, आणि मिस्त्रीपण त्या सहीबरोबर गेलं. ज्याच्या हाताखाली चौदा माणसं होती तो निष्काळजी. आणि मी शेजारी उभी राहून त्याच्यासाठी कागद धरून ठेवला होता, हलू नये म्हणून.

पाचव्या दिवशी दवाखान्यात ती म्हणाली होती, "अहो, ते बटण..." आणि तो डोळे मिटूनच म्हणाला होता, "असू दे. चूक माझीच."

झालं. तिथून सुरू. त्या असू दे मध्ये ती राहते, जसं लोक भाड्याच्या घरात राहतात, खिळा ठोकायचा तरी विचारून. डबा उघडून द्यायला उशीर झाला, असू दे. शर्टाच्या गुंड्या लागेनात म्हणून सहाही शर्टांना टिचबटणं बसवली, त्यातलं एक उलटं बसलं, असू दे. नणंद येते आणि म्हणते, "वहिनी, एवढं होऊन दादाची कसली कुरकुर नाही बघ, दुसरा असता तर घर डोक्यावर घेतलं असतं." तो खाली बघून हसतो. तिला वाटतं, ह्या हसण्यासाठी एक दिवस त्याच्या अंगावर काहीतरी फेकावं. त्याला माहीत आहे. त्याला माहीत आहे आणि तो बोलत नाही, कड पुन्हा मारताना बोलला नव्हता तसाच. पुन्हा करूनच दाखवतोय, चार वर्षं, रोज, माझं वाईट तो चांगलं करून दाखवतोय. एकदा तरी ओरड. एकदा म्हण, तू दाबलंस. भांडण होऊ दे, ताट आपटू दे, मग मीही म्हणेन की ती बोटांचं काम वाचवायची रीत कुणाची होती, मग आपण दोघं समोरासमोर तरी येऊ...

"बाही बघा हिची," तो म्हणत होता. "कोपराच्या वर. केस बांधलेले. गळ्यात काही नाही. हातमोजा नाही, का? कापड बिटाला सापडलं तर ते कापड सोडत नाही, ओढतं, आणि मोज्यात आपण असतो. चष्मा लावायचा, नाकाला फडकं नाही, मास्क. आणि दार शिकंज्यानं बाकाला आवळलेलं, हलता कामा नये. हलतं लाकूड धरायला तिसरा हात लागतो, तो कुणाकडे नसतो. माझ्याकडे तर..."

पुन्हा हसले. तो ह्या जागेवर किती खूश असतो.

"मास्तर, एक विचारू?"

नऊ जणांतला सगळ्यात मोठा. पन्नाशीचा असेल. पूर्वी शिंपी होता, तयार कपड्यांपुढे दुकान चालेना म्हणून आता लाकूड शिकायला आलेला. सकाळी ओळख करून देताना म्हणाला होता, मला कापायची सवय आहे, फक्त माल बदलला. सगळे त्याला शिंपीकाका म्हणू लागले होते, दोन तासांत.

"विचारा की."

"रागावणार नाही ना?"

"रागावून बोट दाखवावं म्हटलं तर बोट आहे कुठे? विचारा."

शिंपीकाका हसला नाही. त्याच्या कपाळावर आठी होती, माप जुळत नसल्यासारखी. "तुम्ही मघाशी म्हणालात, पूर्वी ट्रिमरचं बटण कायम चालू आणि बंद करायचं ते बोर्डावरून. बरोबर?"

"बरोबर. तीच चूक."

"आणि तुम्ही बिट बदलत होता. म्हणजे बोर्ड बंद असणार. फिरत्या बिटाला तर तुम्ही हात लावणार नाही."

"नाही."

"मग करंट आला कुठून?"

तिच्या हातातला पाना नटावरच होता. चार वर्षांत, चाळीसेक तुकड्यांत, सुपरवायझरनं नाही, विमावाल्यानं नाही, नणंदेनं नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. इतकं साधं होतं. शिलाई मशीनवर आयुष्य घालवलेल्या माणसाला माहीत असतं की पाय ठेवल्याशिवाय सुई हलत नाही. पाय कुणाचा एवढाच त्याचा प्रश्न. तिला एकदम हलकं वाटलं. भीती वाटायला हवी होती, आणि हलकं वाटलं, दाढ काढायला तोंड उघडल्यावर वाटतं तसं. आता तो काचेकडे बघेल. मग त्याला माझ्याकडे बघावं लागेल. मग मी म्हणेन. वाक्य तयार होतं, चार वर्षं पाठ केलेलं, तीन शब्दांचं: बटण मी दाबलं.

तो काचेकडे बघत नव्हता. तो बाकाकडे बघत होता.

"कुठून म्हणजे..." तो म्हणाला. "बोर्ड चालूच होता. बंद केला असं मला वाटलं. केला नव्हता."

"मग बिट फिरतच असणार की."

"नाही नाही. त्या दिवशी ट्रिमरचं बंद होतं. मी सरकवलं होतं मागे." तो डाव्या हातानं हवेत करून दाखवू लागला, हळू, एकेक. "असा धरला होता. पाना असा. नट जाम होता, म्हणून जोर केला, आणि अंगठा असा घसरला... अंगठ्यानं बटण पुढे गेलं. हो. असंच. मला अजून आठवतं ना, अंगठ्याखाली ते टक झालं."

"म्हणजे नेमकं त्या दिवशी ट्रिमरचं बंद करून बरोबर केलं होतं म्हणा," शिंपीकाका म्हणाला.

"त्याच दिवशी, काय सांगायचं," तो म्हणाला, आणि सगळे हसले, शिंपीकाकासुद्धा.

ती हसली नाही, कारण ती त्याचा कान बघत होती. खोटं बोलताना तो डाव्या कानाची पाळी ओढतो. लग्नानंतर आठवड्याभरात तिनं ते हेरलं होतं. आईला पत्र टाकलं का, हो टाकलं, आणि कान. सुपरवायझर, दार उद्या होईल, आणि कान. त्याला खोटं येतच नाही, म्हणून तर तो एवढा कमी बोलतो. डावा हात हवेत ट्रिमर धरून होता, कानाकडे गेला नाही. डोळे बाकावर, त्या जागी, जिथे काहीच नव्हतं तिथे नीट बघत होते. तो आठवत होता. जे घडलं नाही ते त्याला बारीकसारीक आठवत होतं, टक सकट.

त्याला माहीत नाही.

कधीच नव्हतं.

मग ते असू दे... असू दे म्हणजे नुसतं असू दे. डबा उघडायला उशीर झाला तर डबा. टिचबटण उलटं बसलं तर टिचबटण. काचेकडे बघायचा तो, म्हणजे काचच बघायचा. नणंदेपुढे हसायचा ते बहिणीनं कौतुक केलं म्हणून, कुणीही हसेल. ह्या माणसानं तिला काहीच माफ केलेलं नाही. माफ करायला त्याच्याकडे काही नव्हतंच. चार वर्षं ती एका बंद दुकानापुढे हात जोडून उभी होती आणि त्याच दुकानाला शिव्याही देत होती. आणि तो घरात बसून डाव्या हातानं भात खात होता, साधा, निष्काळजी म्हणून कागदावर लिहिलेला, स्वतःवर विश्वास ठेवून चुकलेला माणूस. रोज स्वतःला शिक्षा करत होता तो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी तर सगळ्यांसमोर, हात वर करून.

हात तो अर्धा क्षण जास्त वर ठेवतो ते आवडतं म्हणून, असं मला वाटायचं.

"काय झालं?" तो म्हणाला. "झोप लागली का? पिन लाव. दोन्ही हात. चालू कर."

तिनं पाना काढून बाजूला ठेवला, पिन लावली. दोन्ही हातांनी धरला, बिट लाकडापासून दूर ठेवून बटण सरकवलं, पूर्ण वेग येऊ दिला. आवाज वर चढत गेला आणि एका जागी जाऊन पातळ झाला. त्या आवाजात कुणी काही बोललं तरी ऐकू येत नाही. तिनं ते वाक्य उच्चारून बघितलं, मास्कच्या आत. ओठ हलले असतील. तो समोरच होता, हाताच्या अंतरावर, वाकून कड बघत होता आणि तुकडीला बोटानं, उरलेल्या, दिशा दाखवत होता: कड आपल्याकडे, मग डावीकडून उजवीकडे, बिट फिरतं त्याच्या उलट जायचं, त्याच्या बाजूनं गेलात तर तो तुम्हाला बरोबर ओढून नेतो. तिनं डावीकडून उजवीकडे नेला. भुसा एका बाजूला झेपावत राहिला. घाई नाही, थांबणं नाही. थांबलं तर तिथे करपतं. पूर्वी ह्या अंतरावर तिच्या पोटात एक राग उठायचा आणि त्या रागावर ती उभी राहायची, पाय रोवून. तो राग शोधला. जागेवर नव्हता. घरी जाऊन आज कुणाच्या ‘असू दे’ला मनातल्या मनात उत्तर द्यायचं? सांगितलं तर त्याला चार वर्षांनी त्याचं नाव परत मिळेल, आणि त्याच वेळी बायको जाईल. न सांगितलं तर... न सांगणं आतापर्यंत दोघांचं होतं असं तिला वाटत होतं. निम्मं त्याच्याकडे आहे म्हणून ते उचलता यायचं.

कडेचं टोक आलं. तिनं ट्रिमर बाहेर काढला, बंद केला, आणि बिट फिरायचं थांबेपर्यंत हातातच धरून ठेवला, खाली ठेवला नाही. ते थांबायला नेहमी वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

तो पुढे आला आणि कडेवरून अंगठा फिरवला, शिवणीचा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे काहीतरी असेल असं चार वर्षं समजून ती ज्या तोंडाकडे बघायची टाळत होती, त्या तोंडावर एक दमलेला, कामात लक्ष असलेला माणूस होता. तिला त्याची ओळख नव्हती.

"इथे जरा उंच राहिलीय," तो म्हणाला. "असू दे."

"मी परत मारते," ती म्हणाली.

"अगं, असू दे म्हटलं ना."

"नाही," ती म्हणाली, जरा मोठ्यानंच, आणि तुकडीतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तिनं पिन काढली नाही. बिट बदलायचं नव्हतं. फक्त उभी राहिली, दोन्ही हातांत ट्रिमर, आणि शिंपीकाका अजून कपाळाला आठी घालून बाकापासून दारापर्यंत नजरेनं काहीतरी मोजत होता.

दवाखान्यात भूल उतरल्यावर त्यानं सगळ्यात आधी विचारलं होतं, "तू मारलेली कड फुटली नाही ना?" मी नाही म्हटलं. फुटली होती.